तेविसावी प्रतिज्ञा

वर्ध्याचं ऊन आणि पोरांच्या परीक्षा, दोघांनाही एकच मुहूर्त सापडतो. फाल्गुन सरता सरता सकाळी नऊलाच अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही. माळ्यावरचा कूलर खाली येतो. त्याच्या नव्या ताट्यांना पहिलं पाणी दिलं की घरभर वाळ्याचा वास सुटतो आणि त्या वासात माझी नात सुजाता हातात पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालू लागते. ती सावंगीला डॉक्टरकी शिकते. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही. ही खोड माझी आहे, तिच्या आईची नाही.

यंदा तिनं फ्रिजच्या दारावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. ‘पॉझिटिव्ह राहा. हसत राहा.’ खाली गोल हसरं तोंड. सकाळी दूध काढायला गेलं की ते तोंड माझ्याकडे बघून दात काढायचं. दोन दिवस मी ते सोसलं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी काढली आणि केराच्या डब्यात टाकली. सुजाता चिडली. म्हणाली, “आजी, शाळेत तू जन्मभर हेच तर शिकवलंस ना?”

पोरगी खोटं बोलली नाही. पस्तीस वर्षं मी मास्तरीण होते आणि दर चैत्रात, सातवीच्या पोरांना निरोप देताना, एकच गोष्ट सांगायची. ‘सकारात्मक’ वगैरे शब्द तेव्हा खेड्यापाड्यांत पोचले नव्हते. आम्ही ‘हसतमुख वृत्ती’ म्हणायचो. हसतमुख वृत्तीनं माणूस कसा वर येतो, याचा दाखला म्हणून मी माझ्या बहिणीची गोष्ट सांगायची. सत्तावन्न सालच्या चैत्रात माझी थोरली बहीण गेली आणि मी सातवी पास झाले. ही दोन वाक्यं मी नेहमी एका दमात म्हणत आले. दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायची मला भीती वाटायची.

आमचं गाव रोहण्याहून दोन कोस आत. नाव सांगत नाही. आता तिथली माणसं एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसतात, कशाला जुन्या खपल्या काढा? छप्पनच्या दसऱ्याला आमच्या वस्तीतली धडधाकट माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. माय पांढऱ्या लुगड्यात आली होती. ते लुगडं तिनं कुणाचं मागून नेलं होतं हे मला माहीत होतं, तरी ती त्या दिवशी मला कोणी वेगळीच बाई वाटली. बाबांच्या हातात एक छापील कागद होता, बावीस प्रतिज्ञांचा. बाबा तिसरीपर्यंत शिकलेले. अक्षराखाली बोट धरून ते वाचायचे आणि बोट पुढं सरकल्याशिवाय पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. रोज दिवेलागणीला ते आम्हाला समोर बसवायचे, माय, बाई आणि मी. बाई म्हणजे माझी थोरली बहीण यमुना. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. बाबा एकेक प्रतिज्ञा वाचायचे आणि आम्ही तिघी मागून म्हणायचो.

मला तेरावं लागलं होतं. त्या कागदानं माझ्यात काय केलं ते आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. शाळेत मी दाराजवळ बसायची, तशीच बसत राहिले, पण पाठ ताठ झाली. बाबा रस्त्यानं चालताना खाली बघायचे, ते समोर बघू लागले. तेवढ्यानंच गावाला मिरच्या झोंबल्या.

वस्तीनं गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, गावानं वस्तीचं पाणी बंद केलं. आमची विहीर माघातच तळ दाखवायची. मग पाटलाच्या मळ्यात मोट चालली की तिथला गडी वरून आमच्या घागरीत पाणी ओतायचा. त्या साली मोट चालली, पाट वाहिला, संत्र्याची झाडं प्याली, आम्हाला थेंब मिळाला नाही. वावरातलं कामही बंद झालं. माय आणि बाबा पऱ्हाटी उपटायला तीन गावं पलीकडे जाऊ लागले, जिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. कापूस निघून गेलेल्या त्या वाळक्या पऱ्हाट्या. त्या उपटून संध्याकाळी माय परत आली की तिच्या तळहाताचं कातडं सोललेलं असायचं.

पाण्यासाठी नाला होता. आटलेल्या नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी झिरपायची वाट पाहायची आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. नाल्याची पायवाट पाटलाच्या मळ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायची. एका सकाळी त्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. आम्ही त्या बाजूला केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलेल्या. गावानं त्या कामाला रोजचा माणूस लावला होता की काय कोण जाणे. लोकांना ढोरं ओढायला सवड नव्हती, काटे पसरायला होती.

त्या संध्याकाळी बाविसावी प्रतिज्ञा संपली आणि बाबांनी कागदाची घडी घातली नाही.

“अजून एक हाये,” बाबा म्हणाले. “म्हणा. दुखलं, खुपलं, भूक लागली, तरी मी रडगानं गाणार नाई. मी हासत राहीन.”

बाईनं मान वाकडी करून कागद पाहिला. “हे कागदावर कुठं हाये, बाबा?”

“कागदावर नाई. मी सांगून राह्यलो,” बाबा म्हणाले. “आपलं रडू पाह्यासाठीच काटे टाकून राह्यले ते. बाकी सारं नेलं त्याइनं. तेवढं एक देऊ नोका.”

अशी आमच्या घरात तेविसावी प्रतिज्ञा आली. दुनियेत बावीस, आमच्या घरी तेवीस. बाबांची चूक कुठं झाली म्हणाल, तर मला त्या वयात ती चूक वाटलीच नाही. अजूनही पूर्ण वाटत नाही, हीच तर माझी रड आहे. पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून, ‘मायबाप’ म्हणून, रडून भाकर मिळवलेल्या माणसानं एक दिवस ठरवलं की आता रडायचं नाही. यात वाईट काय? फक्त ते त्यांनी सगळ्यांच्या वतीनं ठरवलं.

आणि बाबा बोलून थांबणारे नव्हते. एकदा मला विंचू चावला आणि मी बोंबलले. बाबांनी औषध लावलं, उतारा बांधला आणि मला अंगणातल्या लिंबाखाली उभं केलं. “हासली की आत येजो.” मी हुंदके गिळत उभी राहिले. मधूनमधून बाबा दारातून विचारायचे, “हासली काय?” शेवटी मी ओठ ताणून दात दाखवले तेव्हा त्यांनी मला उचलून आत नेलं आणि स्वतःच्या हातानं कण्या भरवल्या. त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी आम्हाला दाखवले नाहीत, मी ते चोरून पाहिले. शाळेत तर गंमतच झाली. शुद्धलेखनाच्या चुकीसाठी गुरुजींनी छडी मारली आणि मी प्रतिज्ञा आठवून हसले. गुरुजी म्हणाले, “दात काऊन काढते?” आणि वर दोन जास्तीच्या दिल्या. मी त्याही हसत घेतल्या. चौथीला त्यांचाच हात थांबला. मी घरी येऊन ते सांगितलं आणि बाबा किती तरी वेळ मांडीवर थापा मारत राहिले.

मला ती प्रतिज्ञा मानवली. काही माणसांना व्यायाम मानवतो तशी. पण बाई जन्माची कुरकुरी होती. तिला मीठ कमी वाटायचं, ऊन जास्त वाटायचं, वेणी घट्ट झाली, भाकर जाड झाली, कोंबडा फार लवकर आरवला. तिच्या तोंडाची टकळी बंद पाडणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं होतं. पंधरा वर्षांची पोर, चौथीतून शाळा सुटलेली, घर सांभाळणारी, आणि घरात कुरकुरीला बंदी.

तिनं तोड काढली. झिऱ्यावर पोचलो की ती घागर वाळूत टेकवायची, इकडेतिकडे पाहायची आणि म्हणायची, “इथं बावीसच हायेत, जने.”

मग ती सुरू व्हायची. “अव माय, हे ऊन हाये का निखारे? माहे पाय पाह्य, सुकल्या वावरासारखे फाटले. आणि बाबा म्हणते हास. कायले हासू? पाटलाच्या म्हशी मजेत डुंबून राह्यल्या आन् आमी वाटीनं पाणी भरून राह्यलो. आन् तू! तू काल भाकर करपवली, मी सांगतलं काय कोणाले? पोटात ठेवली.” एक वाटी पाणी, एक कुरकुर. घागर भरेपर्यंत तिचं मन रिकामं व्हायचं आणि मी हसून हसून वाळूत लोळायची. पळस फुलला होता. नाल्याच्या दोन्ही काठांना पानं नाहीत, नुसती लाल फुलं. मोहाचा गोडसर वास यायचा. परत येताना धुऱ्यावरच्या फांद्या आल्या की बाई डोक्यावरच्या घागरीला एक हात लावायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, “चाल, तेवीस झाल्या.” आणि आम्ही दोघी मळ्याकडे तोंड करून, दात दाखवत, काटे ओलांडत घरी यायचो. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी त्या झिऱ्याइतकी सुखी कुठं नव्हते. त्या पाण्याला वाळूची चव होती.

होळी झाली आणि परीक्षेचे दिवस आले. मराठी सातवीची परीक्षा आर्वीला व्हायची. वस्तीतली कोणी पोरगी तिथवर पोचली नव्हती. सातवी पास झाली की पुढं मास्तरीण होता यायचं. मास्तरीण झालं की वस्तीच्या पोरी पाटावर बसवता आल्या असत्या, दाराजवळ नाही. एवढं सगळं त्या एका परीक्षेला टांगलेलं होतं. बाबांनी निकाल दिला, “आजपासून जनी झिऱ्यावर जाणार नाई. तिले शिकू द्या.”

बाई म्हणाली, “बरं.” आणि हसली.

माझ्या वाटची घागर तिच्याकडे गेली. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन खेपा, एकटीनं. मी लिंबाखाली बसून मोठमोठ्यानं नद्या पाठ करायची. वैनगंगेला मिळणाऱ्या नद्या, वर्धेला मिळणाऱ्या नद्या, आणि समोरून बाई नाल्याकडे जायची. मला त्यात कुठली विसंगती दिसली नाही. मला फक्त मी दिसत होते. परीक्षेला बसणाऱ्या माणसाइतकं आपमतलबी जनावर दुसरं नसतं, आणि घरातले सगळे त्याला चारा घालत असतात.

परीक्षेला चार दिवस उरले होते. संध्याकाळची खेप निघायची वेळ. बाबा उंबऱ्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होते. बाई घागर घेऊन माझ्याजवळ आली.

“जने, आज झिऱ्यावर येतं काय?”

“काऊन?”

“असंच. एक सांगाचं होतं.”

“मंग सांग ना इथंच.”

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. “इथं तेविसावी हाये,” ती हळूच म्हणाली.

“मले भूगोल पाठ कराचा हाये, बाई.”

“बरं,” ती म्हणाली. “राहू दे मंग.”

तिनं घागर उचलली आणि गेली. ती किंचित लंगडत होती हे मी पाहिलं. पाहिलं, हे आज कबूल करते. कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होते की मी पुस्तकात बघत होते.

तिच्या टाचेत काटा मोडला होता. आठ-दहा दिवस आधीच. अर्धा तिनं सुईनं काढला, अर्धा आत राहिला, वरून जखम बुजली. हे मायनं नंतर पाहिलं, टाचेवरचा काळा ठिपका. बाईनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची एक जागा होती, त्या जागेवर ऐकणारी एक माणूस होती, आणि ती भूगोल पाठ करत होती.

पुढच्या दोन दिवसांत बाईनं भाकर सोडली. “मले भूक नाई,” म्हणून तिची भाकर माझ्या ताटात यायची. कण्या तेवढ्या पातळ करून प्यायची, तोंड जरासंच उघडून. मला वाटलं, मला परीक्षेला ताकद यावी म्हणून बाई उपाशी राहते. मला भरून आलं. आणि भरल्या मनानं मी तिची भाकर खाल्ली. दोन्ही दिवस खाल्ली. तिखटासोबत चांगली लागली.

निघायच्या सकाळी वस्तीतल्या एका काकांची बैलबंडी आर्वीला जाणार होती. मी बंडीत बसले. बाबा पुढं काकांशी बोलत होते, माय माझं गाठोडं सारखं करत होती. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, अगदी ताठ. मी तिच्याकडे पाहिलं आणि ती हसली. भुवया वर चढलेल्या, ओठ दोन्हीकडे ताणलेले, सगळे दात दिसत होते. कुरकुऱ्या बाईला इतकं मोठं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी हात हलवला. तिनं हलवला नाही, नुसती हसत राहिली. बंडी वळणावर गेली तोपर्यंत तिचं हसू जरासुद्धा कमी झालं नाही. मी मनाशी म्हटलं, बघ, बाई तेविसावी कशी पाळते, आणि तू अजून गणिताला घाबरते.

आर्वीला लांबच्या मावशीकडे राहून मी पेपर दिले. व्याजाचं गणित अडलं की मी ते हसू आठवायची. खोटं कशाला सांगू, त्या हसण्यानं माझे पेपर लिहिले.

पाचव्या दिवशी परतले तर बाबा शिवेवर उभे. मला वाटलं, कौतुकानं आले असतील.

“पेपर कसे गेले?”

“चांगले गेले.”

“सगये?”

“सगये, बाबा.”

मग ते म्हणाले, “घरी माय हाये. बाई नाई.”

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, तू गेली त्याच दिवशी तिला धनुर्वातानं धरलं, तिसऱ्या दिवशी माती दिली. तुला निरोप धाडला नाही, पेपर बिघडले असते. हे सगळं सरळ आवाजात. शेजारच्या मळ्यात मोट चालू होती. मोटेवरचा गडी आणि आणखी दोघं-तिघं काम थांबवून आमच्याकडे बघत होते. बाबांनी माझा दंड धरला.

“रडू नोको. रस्त्यावर हावोत आपण.”

आणि मी हसले. तेरा वर्षांची मी, बहिणीच्या मरणाची बातमी ऐकून, मळ्याकडे तोंड करून, दात दाखवून हसले. बाबांनी दंड सोडला. मोटेवरच्या माणसांनी माना वळवल्या. आम्ही जिंकलो होतो. चालत घरी गेलो.

मातीच्या वेळी बाबा गावकऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, “माही पोरगी हासत गेली. पाहून घ्या.” वस्तीत ते वाक्य पसरलं. यमुना हसत गेली. दुखणं इतकं वाईट, अंग धनुष्यासारखं वाकलेलं, पण चेहऱ्यावर हसू. म्हातारी माणसं मला सांगायची, तुझ्या बहिणीसारखी हो. मी झाले. पास झाले, शिकत गेले, मास्तरीण झाले, हेडमास्तरीण झाले. शाळेच्या गावी मला भाड्यानं घर मिळेना तेव्हा मी हसले. कोणी माझ्या हातचा चहा टाळला तेव्हा मी हसले. प्रत्येक वेळी ते दारातलं हसू माझ्या पाठीशी होतं. दर निरोपाला मी ते पोरांना सांगितलं आणि दर वर्षी थोडं घासून चकचकीत केलं. आधी नुसतं हसू होतं. मग त्यावर सकाळचं ऊन पडू लागलं. पुढं बाई हातही हलवू लागली. शेवटच्या काही वर्षांत तर ती म्हणायचीसुद्धा, “जने, पास होऊनच येजो.” पोरी डोळे पुसायच्या, पोरं टाळ्या वाजवायची.

फक्त माय ती गोष्ट ऐकून घेत नसे. एकदा, बाबा गेल्यानंतर, तांदूळ निवडताना ती म्हणाली, “ते हासणं नोहतं, जने. तिचे डोये हासत नोहते.”

मी तिला झापलं. म्हटलं, “माय, तुले समजत नाई. बाईनं माह्यासाठी हासून दाखवलं. तिचं तेवढं तरी राहू दे.” मी शिकलेली, ती अडाणी. तिनं मान खाली घातली आणि पुढचे खडे वेचले. तीन दिवस त्या पोरीच्या उशाशी ती बसली होती, तिनं ते तोंड जवळून पाहिलं होतं, आणि मी बंडीतून पाहिलेलं तिला समजावून सांगत होते. ती मरेपर्यंत पुन्हा त्यावर बोलली नाही.

चिठ्ठी केरात टाकली त्याच्या आदल्या दिवसाचं आता सांगते. संध्याकाळी सुजाता कूलरसमोर येरझाऱ्या घालत वाचत होती. धनुर्वात आला तसा माझा कान तिकडे गेला. जबडा आखडतो. गिळता येत नाही. मग चेहऱ्याचे स्नायू आकसतात, भुवया वर ओढल्या जातात, ओठांचे कोपरे मागं खेचले जातात, दात दिसतात. रोगी हसतो आहे असं बघणाऱ्याला वाटतं. या हसण्याला लॅटिन नाव आहे. तिनं ते तीनदा घोकलं.

“पुन्हा वाच,” मी म्हटलं.

तिनं वाचलं. मला समजलं नसेल असं वाटून तिनं पुस्तक खाली ठेवलं, दोन बोटांनी ओठांचे कोपरे मागं ओढले, भुवया चढवल्या आणि माझ्याकडे तोंड केलं. “असं दिसतं, आजी.”

दारातली बाई माझ्या समोर उभी राहिली. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा, घासूनपुसून न ठेवलेली. डोळ्यांसकट. डोळे मला हाक मारत होते.

“वाचतं का माणूस यातनं?” मी विचारलं.

“लवकर आणलं तर वाचू शकतं,” सुजाता म्हणाली. “जबडा आखडला तेव्हाच दवाखान्यात आणलं तर. पण रोग्यानं सांगायला तर हवं ना.”

आर्वीला तेव्हा दवाखाना होता. आणि ज्या बंडीतून मी आर्वीला गेले त्या बंडीत माझ्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. तिथं मी माझं गाठोडं ठेवलं होतं.

बाबांना कळलं असेल का? त्यांनी तर ते हसू तीन दिवस पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं आणि म्हणूनच ते इतक्या मोठ्यानं बोलले. दुसरं काय बोलणार होते? पोरीला आपणच शिकवलेल्या हसण्यात रोग लपला, असं त्या मळ्यासमोर उभं राहून कोणता बाप म्हणेल? काटे टाकणाऱ्यांना कधी काही झालं नाही. ते सुखानं म्हातारे झाले. बाबांचा राग करताना मला आधी त्या लोकांचा राग करावा लागतो आणि मग बाबांपर्यंत पोचता पोचता माझी दमछाक होते. माझ्यापर्यंत पोचायला तर एक जन्म पुरला नाही.

हसतमुख वृत्तीनं माणूस घडतो का, असं आता कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. मी घडले. ज्या हसण्यावर घडले ते हसणं नव्हतंच, तरी घडले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ज्या पोरींना मी ती गोष्ट सांगितली, त्यांच्यापैकी कितीजणी कुठल्या चौकटीला टेकून, आतला काटा आत ठेवून, हसत उभ्या असतील, या विचारानं हल्ली मला जेवण गोड लागत नाही. त्यांना शोधून सांगणार तरी काय? बाई, कुरकुर कर. मोठ्यानं कर. तू झिऱ्यावर आहेस असं समज.

आज सकाळी सुजाताचा पहिला पेपर होता. दही-साखर घेऊन ती पाया पडली, पाठीला सॅक लावली, दारात गेली. चौकटीशी वळून माझ्याकडे पाहिलं आणि छान मोठं हसली.

“थांब,” मी म्हटलं. “हसू नको. आधी इकडे ये आणि तोंड उघड.”

“काय गं आजी?”

“उघड म्हणते ना. मोठं उघड.”

उशीर होत होता तरी पोरगी आली. मास्तरणीपुढं उभं राहावं तशी समोर उभी राहिली आणि तिनं आ केला. जबडा सहज उघडला, पार पडजिभेपर्यंत दिसलं. मी तिच्या दोन्ही गालांवरून, कानाखालून, बोटं फिरवली. कुठं आखडलेलं नव्हतं.

“कुठं दुखतं का?” मी विचारलं. “टाचेत? पोटात? रडावंसं वाटतं का? पेपर बुडाला तरी चालेल, पण खरं सांग.”

तिनं पाठीवरची सॅक खाली ठेवली. “भीती वाटते गं आजी,” ती म्हणाली. “चार दिवस झाले, झोपच नाही. तुला कसं सांगू?”

मी तिला उंबऱ्यावर बसवलं आणि तिच्या शेजारी बसले.

“बोल,” मी म्हटलं. “इथं बावीसच आहेत.”